लागली की लावली?

गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं चार पानी माहितीपत्रक माझ्याकडे मराठी करण्यासाठी आलं. विषय होता झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा वृद्धांमधला गैरवापर. काम छोटं, मोबदला त्याहून छोटा. एरवी असली चार पानं मी एका दुपारी हातावेगळी करते. हे पत्रक माझ्या टेबलावर अकरा दिवस पडून राहिलं.

मी अडले ती पहिल्याच ओळीत. इंग्रजीत शब्द होता 'मिसयूज'. त्याला मराठीत 'गैरवापर' हा शब्द तयार आहे, सरकारदरबारी रुळलेला आहे, आणि चुकीचाही नाही. सत्तेचा गैरवापर, निधीचा गैरवापर, पदाचा गैरवापर. पण या शब्दात एक वापरणारा गृहीत धरलेला असतो. वस्तू नीट कशी वापरायची हे त्याला माहीत असतं आणि तरीही तो ती तशी वापरत नाही. पत्रकातलं वाक्य साधारण असं होत होतं: अनेक वृद्ध व्यक्ती या औषधांचा गैरवापर करतात. मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जी एक वृद्ध व्यक्ती मला जवळून माहीत आहे, तिनं सहा वर्षांत या गोळीची एकही स्ट्रिप स्वतः विकत आणलेली नव्हती. हातावर ठेवलेली गोळी ती पाण्याबरोबर घेत होती. हातावर ठेवणारी मी होते.

आम्ही बडोद्याचे. घरात मराठी, जिन्यात गुजराती, बँकेत हिंदी, आणि कपाटात मी कोलकात्याहून शिकून आणलेली बंगाली. 2016 च्या जुलैमध्ये बाबा गेले. आई तेव्हा सत्तर वर्षांची होती. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि लक्षात आलं की आई झोपत नाहीये. रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा, तीनला देवघरात, चारला बाल्कनीत. नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, पाठीवर हात ठेवला आणि अल्प्राझोलामची पाव मिलीग्रामची गोळी लिहून दिली. "पंधरा दिवसांपुरती देतोय. तेवढ्यानं काही सवय लागत नाही," असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे परत जायचं होतं, आणि ते आम्ही गेलो नाही.

जायची गरजच पडली नाही. खालच्या दुकानात जुनी चिठ्ठी चालत होती. पुढे चिठ्ठीही लागेनाशी झाली. दुकानदार मला पाहिलं की मागच्या फडताळाकडे वळायचे आणि विचारायचे, "बानी गोळी ने?" त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती. त्यांची स्वतःची आईसुद्धा तीच गोळी घेत होती. वर्षभरात पावाची अर्धी मिलीग्राम झाली, कारण पावानं पहाटे जाग येऊ लागली होती. हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. घरातल्या बऱ्याच गोष्टी अशाच ठरतात.

आता भाषेकडे वळते, कारण माझा धंदा तोच आहे आणि माझी चूक मला आधी भाषेतच सापडली.

मराठीत झोप आपण 'करत' नाही. झोप येते, लागते, मोडते, उडते. 'मला झोप लागली' या वाक्यात मी कर्ता नाही. झोप कुठूनतरी येते आणि मला लागते, जशी तहान लागते, भूक लागते, ठेच लागते. अगदी हेच क्रियापद आपण सवयीलाही वापरतो. सवय लागली, नाद लागला, व्यसन लागलं. 'आईला झोप लागत नव्हती म्हणून गोळी दिली आणि मग तिला गोळीची सवय लागली' हे वाक्य मी नातेवाइकांना कितीदा तरी ऐकवलं असेल. सगळे मान डोलावत. ऐकायला ते हवामानाच्या बातमीसारखं आहे. पाऊस लागला, ऊन लागलं, सवय लागली. करणारं कोणीच दिसत नाही.

पण मराठीतच 'लागणे'च्या शेजारी 'लावणे' आहे. सवय लागते, तशी लावलीही जाते. गुजरातीत 'टेव पडी' आणि 'टेव पाडी', हिंदीत 'आदत पडी' आणि 'आदत डाली'. आपल्या भाषांना हा फरक पक्का माहीत आहे. एका क्रियापदानं करणारा माणूस दाराआड जातो आणि दुसऱ्यानं पुढे येतो. मुलाला लवकर उठायची सवय 'मी लावली' असं आपण अभिमानानं सांगतो. गोळीच्या बाबतीत मात्र आपली जीभ आपोआप 'लागली'कडे वळते.

'व्यसन' या शब्दानंही मला दिलासा दिला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांविषयी आहे. तिथे राज्यावर कोसळणारी संकटंही व्यसनं आहेत आणि राजाचं मद्य, जुगार हीसुद्धा व्यसनंच आहेत. म्हणजे माणसावर ओढवलेलं आणि माणसानं ओढवून घेतलेलं, दोन्ही त्या एका शब्दात मावत होतं. आज आपण त्यातला दुसरा अर्थ तेवढा ठेवला आहे, आणि म्हणून एखाद्या म्हातारीविषयी तो शब्द उच्चारायला आपल्याला लाज वाटते. व्यसन म्हणायचं नाही, आणि म्हणायचं नाही म्हणून त्याकडे बघायचंही नाही.

ही गोळी ज्या कुळातली आहे त्याचं नाव बेन्झोडायझेपिन. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञानं हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत या कुळातली पहिली औषधं शोधली. 1960 मध्ये लिब्रियम बाजारात आलं आणि 1963 मध्ये व्हॅलियम. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वापरत, आणि त्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी माणूस दगावत असे. त्यामानानं नवी औषधं पुष्कळच सुरक्षित होती, आणि ती सरसकट लिहून दिली जाऊ लागली. 1966 मध्ये रोलिंग स्टोन्सनी 'मदर्स लिटल हेल्पर' नावाचं एक गाणं केलं. घरकामाच्या रेट्यात दिवस ढकलण्यासाठी गोळ्यांचा आधार घेणाऱ्या गृहिणीवर ते आहे. आईची छोटी मदतनीस. आमच्या घरात ती मदतनीस कोणाची होती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

ही औषधं मेंदूतल्या शांतवणाऱ्या रसायनाचं, गाबाचं, काम वाढवतात. चिंता उतरते, स्नायू सैल पडतात, झोप येते. अचानक उसळलेल्या भयासाठी, आकडीसाठी, शस्त्रक्रियेच्या आधी ती मोलाची आहेत. पण रोज घेतली तर काही आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो. त्याच डोसानं पूर्वीइतकी झोप येत नाही, आणि डोस चुकला तर पूर्वीपेक्षा जास्त तळमळ होते. ही तळमळ पाहून आपल्याला वाटतं की माणसाला गोळीची खरोखरच गरज आहे. गोळीच स्वतःच्या गरजेचा पुरावा तयार करते.

म्हातारपणी यात भर पडते. यकृत ही औषधं हळू निचरतं, त्यामुळे ती शरीरात जास्त काळ रेंगाळतात, आणि मेंदूही त्यांना अधिक हळवा झालेला असतो. पाय लटपटतो, तोल जातो, नावं आठवत नाहीत, सकाळभर डोक्यात धुकं राहतं. मार्क बिअर्स या अमेरिकन डॉक्टरनं 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी केली. आता अमेरिकेतली वृद्धचिकित्सकांची संस्था ती वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध करते. वृद्धांच्या झोपेसाठी बेन्झोडायझेपिन टाळा, असं ती यादी स्पष्ट सांगते. आपल्याकडेही कायदा झोपलेला नाही. अल्प्राझोलाम 2014 पासून एच-वन या वेगळ्या अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवायचं, ती वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

माझी आई मराठी, गुजराती आणि हिंदी वाचते. इंग्रजी तिला अक्षरं लावून वाचता येतं, अर्थ लागत नाही. त्याच घरात तिची मुलगी इंग्रजीतून आणि बंगालीतून मराठी करून पोट भरत होती. त्या सहा वर्षांत मी दोन कादंबऱ्या, एक प्रवासवर्णन आणि असंख्य माहितीपत्रकं मराठीत आणली. त्या चौकटीतली दोन वाक्यं आणली नाहीत.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. रात्रीची गोळी डॉक्टरांनी सुरू केली होती. दुपारची अर्धी मी सुरू केली.

2019 ची गोष्ट. एक जाडजूड बंगाली कादंबरी हातात होती, प्रकाशकाची मुदत दोनदा उलटून गेली होती. आई दुपारभर माझ्या खोलीत यायची. अगं, खिडकी लावू का. अगं, कोणाचा फोन होता. अगं, आज वार कोणता. एका दुपारी ती फार अस्वस्थ होती. 'थोडं बरं वाटेल' म्हणून मी गोळीचा अर्धा तुकडा दिला. ती अडीच तास शांत झोपली आणि मी नऊ पानं केली. दुसऱ्या दिवशी ती अस्वस्थ व्हायची वाट मी पाहिली नाही. कादंबरी वेळेत पूर्ण झाली. तिच्या ऋणनिर्देशात शेवटचं वाक्य आईविषयी आहे. तिनं मला कामासाठी शांतता दिली, अशा अर्थाचं. ते छापलेलं आहे, आता खोडता येत नाही.

मी काही राक्षस नव्हते. हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही, यातला नैतिक प्रश्न तिथेच आहे म्हणून सांगते. आईला दुखावण्याचा माझा हेतू कधीच नव्हता. डॉक्टरांचा नव्हता, दुकानदारांचा तर नव्हताच. प्रत्येकानं एक लहान, समजण्यासारखी, जवळजवळ मायेची गोष्ट केली. हेतूवरून कृत्याची पारख करायची म्हटलं तर इथे कोणीच सापडत नाही. परिणामावरून करायची म्हटलं तर एक बाई सहा वर्षं अर्धवट धुक्यात राहिली. वाईट कोणीच केलं नाही आणि वाईट तर झालं. अशा वेळी जबाबदारी नावाची वस्तू कुठे ठेवायची?

मला सापडलेली एक जागा अशी. एखाद्या कृत्यात मला काय वाटत होतं एवढंच न विचारता, त्यातून मला काय मिळत होतं हेही विचारायचं. गोळी आईच्या पोटात जात होती, पण घरातल्या दोन माणसांना त्यातून झोप मिळत होती. ज्या उपचारात उपचार देणाऱ्याचाही फायदा असतो, तिथे देणाऱ्यानं स्वतःच्या मायेवर थोडा संशय घ्यायला हवा. औषध बंद केलं तर जास्त त्रास कोणाला होईल, रुग्णाला की मला? हा प्रश्न मी 2019 मध्ये विचारला असता तर उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नसता.

मराठीत 'तापाची गोळी', 'डोकेदुखीची गोळी', 'बीपीची गोळी' म्हणतात. ज्याची गोळी ते घालवायचं असतं. 'शक्तीची गोळी', 'झोपेची गोळी' म्हटलं की उलट, ज्याची गोळी ते आणायचं असतं. भाषेला यात काही अडचण नाही. पण आमच्या घरात ती खरं तर जागेपणाची गोळी होती, म्हणजे आईचं जागेपण घालवायची.

आणि ते जागेपण हा आजारच आहे हे तरी कोणी ठरवलं? वय वाढतं तशी गाढ झोप कमी होत जाते, झोप सावध होते, पहाटे लवकर जाग येते. यात निसर्गाचाच भाग बराच आहे. रॉजर एकर्च या इतिहासकारानं तर दाखवलं आहे की वीज येण्यापूर्वीच्या युरोपात लोक सरसकट दोन टप्प्यांत झोपत असत, मध्ये तासभर जागत, बोलत, प्रार्थना करत. माझी आजी पहाटे साडेतीनला उठायची. तिला कोणी निद्रानाशाची रुग्ण म्हटलं नाही. तिच्या त्या वेळेला घरात काम होतं, चूल होती, काकडआरती होती, आणि वाडा एवढा ऐसपैस होता की तिच्या भांड्यांचा आवाज झोपलेल्यांपर्यंत पोहोचत नसे. आईच्या वाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट आला. तिथे पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाला काम नाही, आणि त्याच्या चपलांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. जागं असणं तेच होतं. त्याला ठेवायला घरात जागा उरली नव्हती.

2022 च्या डिसेंबरमध्ये एका रात्री साडेतीनच्या सुमारास आई बाथरूमकडे जाताना पडली. खुबा मोडला. रुग्णालयात दाखल करून घेताना एका तरुण डॉक्टर मुलीनं फॉर्म भरता भरता विचारलं, "आजी रात्री झोपेचं काही घेतात?" मी म्हणाले, "अधूनमधून."

एवढ्या वर्षांच्या भाषांतराच्या कामात एवढी बेइमान ओळ मी दुसरी लिहिलेली नाही. का बोलले असं? लाज वाटली. त्या मुलीच्या आवाजात आरोप नव्हता, पण मला तो ऐकू आला. शस्त्रक्रिया नीट झाली. फॉर्मवर 'अधूनमधून' होतं म्हणून गोळी कोणी दिली नाही. दुसऱ्या रात्रीपासून आईला कापरं भरलं. तिसऱ्या रात्री तिला कोपऱ्यात बाबा दिसू लागले, तिनं हातातली सलाइन ओढून काढली, मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारून 'दार लाव, दार लाव' म्हणत राहिली. शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम इतर कारणांनीही होतो. पण मध्यरात्री त्या डॉक्टर मुलीला मी जिन्यात गाठून सांगितलं, "रोज घेते. दिवसातून दोनदा. सहा वर्षं." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग वरच्या डॉक्टरांना फोन करायला धावली. असं औषध एकदम तोडलं तर आकडीसुद्धा येऊ शकते, हे मला त्या रात्री कळलं. तोडायचं ते पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात अशी गोळी असेल तर त्यांनी या लेखातून एवढं तरी लक्षात ठेवावं. उद्यापासून बंद, असं करू नये.

घरी आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी डोस उतरवण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. आठ-नऊ महिन्यांचं. मी ते मोठ्या उत्साहानं फ्रिजवर लावलं. प्रायश्चित्त सापडल्यासारखं मला झालं होतं. आईला मात्र ते मान्य नव्हतं.

"या वयात मला कुठं नोकरीला जायचंय?" ती म्हणाली. "सवय लागली तर लागली. तुला चहा लागत नाही? अजून किती वर्षं राहिलीत माझी? झोपू दे की मला."

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 मध्ये 'ऑन लिबर्टी'त नेमकी हीच बाजू मांडली होती. सज्ञान माणसाच्या स्वतःच्या भल्याचं कारण सांगून त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. शहात्तर वर्षांच्या बाईनं आपल्या उरलेल्या रात्री कशा काढायच्या हे तिच्या मुलीनं का ठरवावं? आधी गोळी देऊन मी तिच्या वतीनं ठरवलं होतं. आता गोळी काढून पुन्हा मीच ठरवत होते. दोन्ही वेळा तोंडात एकच वाक्य होतं: तुझ्या बऱ्यासाठीच आहे गं.

मिलनंच पुढे एक दाखला दिला आहे. एक माणूस मोडक्या पुलावर पाऊल टाकतो आहे, पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत नाही, आणि सांगायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पण सांगायला वेळ असेल तर सांगावं, आणि पुढचं त्याच्यावर सोपवावं. माझ्याकडे सांगायला सहा वर्षं वेळ होता. गोळीनं पाय लटपटतो, शब्द हरवतात, हे माहीत असून आईनं गोळी घेतली असती तर तो तिचा निर्णय ठरला असता. तिला शब्द आठवेनासे झाले तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं. तीही तेच म्हणत होती. जी किंमत आपण मोजतो आहोत हेच ठाऊक नाही, तिला संमती कशी म्हणायची?

म्हणून एका संध्याकाळी मी स्ट्रिप घेऊन तिच्याजवळ बसले आणि चौकटीतला इशारा तिला मराठीत वाचून दाखवला. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे, इत्यादी. मग गोळी काय करते तेही सांगितलं, दुपारच्या अर्ध्या तुकड्यासकट. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, "यात 'घेणं' लिहिलंय. 'देणं' नाही लिहिलं का कुठं?"

मी गप्प राहिले. थोड्या वेळानं तीच बोलू लागली. बाबा गेले ती रात्र. ते तिच्या शेजारी झोपेतच गेले होते, हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे: "मी गाढ झोपले होते गं. पाच वाजता जाग आली तेव्हा हात गार. रात्री कधी हाक मारली असेल तर?" त्यानंतर तिला झोपायचीच भीती वाटत होती. रात्री दोनला, तीनला, चारला ती घरभर फिरत होती, कारण ती पहारा देत होती. उशीर झाला होता, पण पहारा देत होती. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पहारेकऱ्याला गुंगी दिली. सहा वर्षांत तिला झोप 'का' लागत नाही हे कोणी विचारलं नव्हतं. कशानं लागेल, एवढंच विचारलं होतं.

मला हा प्रश्न आता आमच्या घरापुरता वाटत नाही. मुलं परगावी, घरात पगारी बाई, बाईलाही रात्रीची झोप हवी. वृद्धाश्रमात तीस माणसांमागे रात्रपाळीला एक जण. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्रभर हाका मारणारा आणि त्याला सांभाळणारी सून सकाळी आठला कामावर जाणारी. या सुनेला मी कोणत्या तोंडानं उपदेश करू? तिला जाब विचारण्याआधी तिला एखादी रात्र सुट्टी देणारं कोणी आहे का, हे विचारायला हवं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या रात्री कोणी वाटून घेत नाही, म्हणून त्या गोळीनं भरून काढाव्या लागतात. तरीही, 'आजी आता अगदी शांत आहेत' असं कोणी समाधानानं सांगितलं की माझे कान टवकारतात. दिवा मालवला तरी आपण 'शांत झाला' असंच म्हणतो.

गोळी उतरवण्याचं वेळापत्रक शेवटी आईनंच हातात घेतलं. फ्रिजवरच्या कागदावर रोज तिची टिकली. दोनदा तिनं पायरी मागे घेतली, डॉक्टरांना विचारून. दहाव्या महिन्यात गोळी बंद झाली. चमत्कार काही झाला नाही. काही शब्द परत आले, काही आले नाहीत. चालताना काठी लागते. रात्री चार-पाच तास झोप लागते आणि साडेतीनला जाग येते. कधी ती एकटीच देवघरात हरिपाठ म्हणत बसते. कधी मला उठवते आणि आम्ही चहा करतो, आणि मग दुसऱ्या दिवशी माझी पानं कमी होतात. महिन्यातून एखाद्या रात्री अजूनही विचारते, "आहे का गं एखादी?" मी नाही म्हणते. हे 'नाही' तिच्या हिताचं आहे की माझ्या प्रायश्चित्ताचं, याची मला प्रत्येक वेळी खात्री नसते.

पत्रकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. बाराव्या दिवशी मी ते वाक्य असं केलं: अनेक वृद्ध व्यक्तींना ही औषधं गरजेपेक्षा जास्त काळ दिली जातात. संस्थेतून फोन आला. "ताई, बाकी छान झालंय, पण मूळ वाक्यात असं नाहीये." त्यांचं बरोबर होतं. मूळ लेखकाच्या तोंडी आपलं म्हणणं घालणं आमच्या धंद्यात गुन्हा आहे. मी 'गैरवापर करतात' परत टाकलं आणि पत्रक पाठवून दिलं. त्या वाक्यात जे मावलं नाही ते इथे लिहिलं.

छापायला देण्याआधी हा लेख आईला वाचून दाखवला. दुपारच्या गोळीपाशी माझा आवाज अडखळला तशी ती म्हणाली, "लिहिलंस ते बरं केलंस. पण त्या अर्ध्या गोळीनं मलाही तेव्हा बरं वाटायचं. तेही लिही."

म्हणून तेही लिहिलं.